आजचे घोडे आणि ट्रेनरच्या दोन ओळी: काय धरायचं, काय सोडायचं?

रिकीब (धागाकर्ता)

शर्यतीच्या सकाळी ट्रेनर आपल्या तबेल्यातून धावणाऱ्या प्रत्येक घोड्याबद्दल दोन ओळी बोलतो. त्या कशा वाचायच्या यासाठी हा धागा. "आज शुअर शॉट कोण" असं विचारायला आलेल्यांनी हात हलवत पुढे जावं.

नमुन्याला एका दिवसाचे पाच घोडे घेऊ. नावं नाहीत, पण ओळी नेहमी कानावर पडतात तशाच आहेत.

(अ) १००० मीटर, दोन वर्षांची घोडी, पहिलीच शर्यत: "कामात चांगली आहे, पण अजून शिकतेय. या धावेनंतर सुधारेल."

(आ) १४०० मीटर हँडिकॅप (चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवलेली शर्यत), चार वर्षांचा घोडा: "मागच्या वेळी वाट मिळाली नाही. ड्रॉ बाहेरचा आलाय, पण तब्येत उत्तम." (ड्रॉ म्हणजे सुटायच्या गेटमधली जागा; बाहेरचा म्हणजे आतल्या कठड्यापासून लांबचा.)

(इ) १६०० मीटर, पाच वर्षांचा गेल्डिंग (खच्ची केलेला घोडा): "श्वासाचं ऑपरेशन झालंय, आठ महिन्यांनी धावतोय. एक धाव लागेल."

(ई) २००० मीटर, चार वर्षांची घोडी: "अंतर वाढवलंय. मैदान जड झालं तर बरं."

(उ) २४०० मीटर, चार वर्षांचा घोडा: "पहिल्यांदाच ब्लिंकर्स. घरी सगळं करतो, मैदानात करत नाही." (ब्लिंकर्स म्हणजे डोळ्यांच्या बाजूची झापडं.)

माझं मत असं, की "तब्येत उत्तम", "खूश आहे", "चांगलं काम केलं" हे शब्द आधी खोडावेत. आजारी घोडा कुणी मुद्दाम धावायला आणत नाही, मग त्यातून कळणार काय? खोडल्यावर (इ), (ई) आणि (उ) मध्ये काहीतरी ऐवज उरतो. (अ) आणि (आ) म्हणजे हरलो तर आधीच सांगून ठेवलं होतं, एवढंच. पटतंय का?

फर्लांग

अर्धं पटलं. ट्रेनरच्या बोलण्यात तीन थर असतात. एक, शर्यतीच्या कार्डावर (छापील यादीत) कुणालाही दिसणारं: अंतर, वजन, ड्रॉ, साज, किती दिवसांनी धावतोय. दोन, फक्त त्यालाच दिसणारं: चंदी संपवली का, शेवटचा गॅलप (भरधाव सराव) कसा झाला, पाय थंड आहेत का. तीन, निव्वळ अंदाज. दुसऱ्या थरासाठीच त्याचं ऐकायचं.

शिवाय त्याला स्वतःचा घोडा माहीत असतो, उरलेले दहा नाही. "माझा घोडा याहून चांगल्या अवस्थेत कधी नव्हता" हे शंभर टक्के खरं असूनही घोडा सहावा येतो, कारण पुढचे पाच त्याच्यापेक्षा सरस असतात. त्यात खोटं कुणीच बोललेलं नसतं.

खोगीरभरती

ट्रेनरचा अंदाज: "चांगला धावेल." घोड्याचा अंदाज: अप्रकाशित.

चंदी

रिकीब, "तब्येत उत्तम" सरसकट खोडू नका. त्यामागे सकाळची ठरलेली तपासणी असते आणि ट्रेनर बोलताना त्यातलाच एखादा तुकडा सांगून जातो.

पहाटे सईस पहिल्यांदा चंदीचं घमेलं बघतो. धावता घोडा साधारण ५०० किलोचा, दिवसाला त्याच्या पोटात १० ते १२ किलो कोरडा चारा आणि चंदी मिळून जाते. कठीण गॅलपनंतर एक वेळ थोडं मागे टाकलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही टाकलं तर काम जास्त झालंय किंवा पोटात अल्सर आहे, असं धरायचं. शर्यतीच्या घोड्यांत जठराचे अल्सर फार आढळतात: चंदी जास्त, वैरण कमी, वर ताण.

मग ताप. ३७.५ ते ३८.५ सेल्सियस ही नेहमीची पट्टी, पण खरं बघायचं ते त्या घोड्याचं रोजचं वाचन. रोज ३७.६ असणारा आज ३८.३ असेल तर आकडा पट्टीत बसतो, तरी घोडा बरा नसतो. नंतर गुडघ्याखाली शिरेवरून हात फिरवायचा. दोन्ही पुढचे पाय एकापाठोपाठ चाचपायचे, कारण ऊब तुलनेनेच कळते. मग कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालवायची आणि डोक्याची हालचाल बघायची. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं.

शर्यतीच्या दिवशी चंदी चार-पाच तास आधीच थांबते, वैरणही आखडती घेतात.

म्हणून "तब्येत उत्तम" आणि "घमेलं चाटून ठेवलं, कालच्या रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ आला" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या वाक्यात तपशील आहे. तपशील नसेल तर खुशाल खोडा.

नालबंद

(इ) बद्दल. "श्वासाचं ऑपरेशन" या दोन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी मावतात.

घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने. भरधाव पळताना एका झेपेला एक श्वास अशी घट्ट सांगड असते. त्यामुळे घशात अडथळा आला की घोडा दमत नाही, थेट गुदमरतो. शेवटच्या ४०० मीटरमध्ये कुणीतरी बटण बंद केल्यासारखा थांबतो.

अडथळ्याचे नेहमीचे प्रकार दोन. पहिल्यात डाव्या बाजूची मज्जा कमजोर होते, स्वरयंत्राची डावी पाकळी उघडी राहत नाही आणि घोडा श्वास घेताना घरघरतो. त्यावर पाकळी टाक्याने मागे बांधून ठेवतात, त्याला टाय-बॅक म्हणतात. किंवा स्वरपट्टी आणि तिच्या मागची पिशवी काढतात, ते हॉबडे. दुसऱ्यात मऊ टाळू जोर लावताना वर सरकतो. तिथे आधी जीभ बांधून बघतात, मग टाळूला डाग देतात. हॉबडे सौम्य, त्यातून घोडा लवकर कामाला लागतो. टाय-बॅकमध्ये टाका पुढे ढिला पडण्याची भीती असते, आणि पाकळी कायम उघडी राहिल्यामुळे खाण्याचे कण श्वासनलिकेत जाऊन खोकला लागू शकतो.

ब्रिटनमध्ये जानेवारी २०१८ पासून ऑपरेशननंतरच्या पहिल्या धावेला तशी नोंद कार्डावर येते, पण कुठलं ऑपरेशन ते त्यात नसतं. तेव्हा ट्रेनर "टाय-बॅक केलंय" इतकं जरी बोलला तरी ती कार्डाबाहेरची माहिती झाली.

अबलख

पण मग "एक धाव लागेल" चं काय? माझ्या मते पाचांतली सर्वांत निसटती ओळ तीच. घोडा जिंकला तर दर्जा, हरला तर सांगितलंच होतं.

लांब सुट्टीवरून आलेल्याला शर्यतीपर्यंत न्यायला साधारण बारा ते सोळा आठवडे लागतात. पहिले तीन-चार आठवडे चाल आणि दुडकी. मग महिना-दीड महिना कँटर (मध्यम वेगाची धाव), त्याचं अंतर हळूहळू वाढवत न्यायचं. शेवटी आठवड्यातून दोनदा वेगाचं काम. शेवटचा खरा गॅलप चार-पाच दिवस आधी, आदल्या दिवशी फक्त फुफ्फुसं मोकळी करण्यापुरती छोटी धाव. यातले वेगाचे गॅलप तीनच झाले असतील तर "धाव लागेल" खरं आहे. सात-आठ झाले असतील तर ते बोलायची सवय आहे.

हाँगकाँगमध्ये सकाळचं काम, पशुवैद्याच्या नोंदी, धावतानाचं शरीराचं वजन, सगळं जाहीर असतं. जपानमध्येही शर्यतीआधी वजन आणि मागच्या वेळेपासूनचा फरक लावतात. तिथे हे वाक्य ताडून बघता येतं.

आणि सुट्टी म्हणजे अपयश असंही नाही. दा हॉस नावाच्या घोड्याने १९९६ मध्ये ब्रीडर्स कप माईल ही उत्तर अमेरिकेतली मोठी शर्यत जिंकली, १९९८ मध्ये पुन्हा जिंकली. मधल्या दोन वर्षांत तो फक्त एक शर्यत धावला होता. ट्रेनर मायकल डिकिन्सन.

खोगीरभरती

एवढं सगळं बघूनही निम्म्या वेळा चुकतातच ना? मग ट्रेनर मैदानात आला काय नि न आला काय.

फर्लांग

न आल्याचं उदाहरण आहे :) १९६७ ची ग्रँड नॅशनल, कुंपणांवरून उड्या मारायची इंग्लंडातली शर्यत. तेविसाव्या कुंपणापाशी जॉकी पडलेला एक मोकळा घोडा आडवा आला आणि मागचा सगळा जथा एकमेकांवर आदळून अडला. बराच मागे असलेला फॉइनव्हॉन बाजूने वाट काढून एकटाच पुढे निघाला, १०० ला १ भावाने जिंकला. त्याचा ट्रेनर जॉन केम्प्टन एंट्रीला नव्हताच, त्या दिवशी तो वूस्टरला दुसऱ्या घोड्यावर स्वार होता. आजचा अंदाज विचारला असता तर काय बोलला असता कोण जाणे.

फर्लांग

वर "एंट्रीला" म्हणजे प्रवेशाची "एन्ट्री" नव्हे, "एन्ट्री" वाले येण्याआधीच सांगतो, ग्रँड नॅशनलच्या मैदानाचं नाव एंट्री!

लेंथभर

नावावरून वाद नको, आकड्यांकडे येऊ. (आ) मध्ये काही नाही असं रिकीब म्हणतात, मला तर तिथेच सर्वांत जास्त दिसतंय. "वाट मिळाली नाही" आणि "ड्रॉ बाहेरचा", दोन्ही मोजता येतात.

अर्धवर्तुळाकार वळणावर घोडा आतल्या रेलपासून (कठड्यापासून) जितका बाहेर, त्याच्या ३.१४ पट जादा अंतर तो धावतो. वळण मोठं असो की लहान, गणित तेच, कारण त्रिज्या वजाबाकीत उडते. एका घोड्याची जागा १.२ मीटर धरली आणि घोडा आत तीन घोडे ठेवून वळला, तर ३.६ गुणिले ३.१४, म्हणजे ११.३ मीटर. एक लेंथ, म्हणजे एका घोड्याची लांबी, साधारण २.४ मीटर. साडेचार लेंथहून जास्त! वळण काटकोनाचं असेल तर त्याच्या निम्मं.

आता वजन. ढोबळ हिशेब असा, की १००० मीटरला एका लेंथला साधारण १.४ किलो, १६०० ला ०.९, २४०० ला अर्धा किलोच्या आसपास. १४०० ला किलोभर धरा. मागच्या वेळी बाहेरून वळून तीन लेंथने हरला आणि आज वजन तेच असेल तर ट्रेनरची तक्रार रास्त आहे. सात लेंथने हरला असेल तर वाट मोकळी असती तरी हरलाच असता.

आजचा बाहेरचा ड्रॉ किती महागात पडेल ते गेटपासून पहिलं वळण किती दूर आहे त्यावर. ५०० मीटर सरळ असेल तर जॉकीला आत यायला वेळ मिळतो. १५० मीटरवर वळण असेल तर वेग वाढवून पुढे जा नाहीतर मागे घेऊन रेल धर, दोनच पर्याय. इंग्लंडात चेस्टरचं मैदान जवळजवळ गोलच आहे, तिथे पाच फर्लांगच्या (साधारण १००० मीटर) शर्यतीत बाहेरचा ड्रॉ आला की ट्रेनरचा चेहराच सगळं सांगतो.

रिकीब

लेंथभर, ३.१४ वालं माहीत नव्हतं. (आ) परत घेतलं. पण मग वजनाबद्दल ट्रेनर गप्प का?

लेंथभर

कारण तक्रार करण्यासारखं नसेल. ट्रेनर लोक जास्त वजनावर न चुकता बोलतात, कमी वजनावर क्वचित.

पेनेट्रोमीटर

(ई) कडे कुणी वळलंच नाही. "मैदान जड झालं तर बरं" याचा सरळ अर्थ: कोरडं राहिलं तर फार अपेक्षा नको.

मैदान मोजतात ते असं. एक किलोचं वजन एका मीटरवरून दांड्यावर तीनदा सोडायचं, दांडा किती रुतला ते बघायचं. हे ट्रॅकवर ठिकठिकाणी करून सरासरी काढतात. आकडा जितका मोठा तितकं मैदान मऊ. ब्रिटनमध्ये गोइंगस्टिक वापरतात. ती टोचल्यावर बाजूला वाकवतात, त्यामुळे रुतणं आणि मातीची पकड दोन्ही कळतं.

सरासरीतच गोची आहे. सावलीतला भाग, उतारपायथा आणि आतल्या रेलजवळची तुडवलेली पट्टी नेहमी सरासरीपेक्षा मऊ. शिवाय भिजलेलं मैदान आणि वाळत आलेलं मैदान यांत फरक असतो. पाणी असताना चिखल उडतो पण खूर सुटतो. दीड-दोन दिवस ऊन पडलं की तीच माती चिकट होते, खूर धरून ठेवते आणि घोडा दुप्पट दमतो. "जड चालतं" असं नाव असलेले कितीतरी घोडे फक्त ओल्यात चालतात, चिकटात नाही. ट्रेनरला विचारायचा प्रश्न हा आहे.

अबलख यांनी डिकिन्सनचं नाव काढलंच आहे. १९९६ च्या त्याच शर्यतीआधी कॅनडातल्या वुडबाइनच्या ट्रॅकवर त्याने उंच टाचांचे बूट घालून माणसं चालवली होती. टाच कुठे रुतते, कुठे रुतत नाही ते बघून जॉकीला कोणत्या पट्टीतून न्यायचं ते ठरवलं. दोन ओळींच्या अंदाजात हे कुणी सांगणार नाही.

खोगीरभरती

उद्यापासून हिचे सँडल घेऊन निघतो. परवानगी मिळाली तर.

झापडबंद

(उ) वर माझी दोन आणे भर. ब्लिंकर्स म्हणजे पूर्ण कपाचे, अर्ध्या कपाचे, फट पाडलेले (त्यांना व्हायझर म्हणतात), शिवाय गालावरच्या लोकरी पट्ट्या. कामं वेगळी आहेत. पूर्ण कपाने मागचं आणि बाजूचं दिसणं बंद होतं, घोडा फक्त पुढे बघतो. फटीतून बाजूचा घोडा दिसतो, म्हणून शेजारी कुणी आलं की झुंजणाऱ्या घोड्याला व्हायझर. गालपट्टी सर्वांत सौम्य.

पहिल्यांदा लावल्यावर धोका एकच. घोडा गेटमधूनच पेटतो. १००० मीटरला ते चालून जातं. २४०० ला पहिल्या ८०० मध्ये सगळं उधळून बसला तर शेवटी चालत येईल. म्हणून सकाळच्या कामात दोन-तीनदा लावून बघतात, एकदा एकटा आणि एकदा घोळक्यात. ट्रेनर "कामात लावून बघितलेत, शांत होता" असं म्हणाला तर ती ओळ मोलाची. इथे तो तसं म्हणालेला नाही. २४०० साठी मी गालपट्टीपासून सुरुवात केली असती.

चंदी

झापडबंद, ब्लिंकर्स हा उपाय झाला. रोग पुढच्या वाक्यात आहे: "घरी सगळं करतो, मैदानात करत नाही." याची कारणं आळसापलीकडची असू शकतात. प्रवासात पाणी न पिणं. पॅडॉकमध्येच (शर्यतीआधी घोडे फिरवतात तिथे) घाम फुटून शर्यतीआधीच दमणं. पाठ दुखणं: सकाळचं खोगीर मोठं नि जाड गादीचं, शर्यतीचं एवढंसं. अल्सर. घशाचा अडथळा, जो फक्त पूर्ण जोरावर दिसतो आणि ठाणात दुर्बीण घातली तर सापडत नाही. त्यासाठी धावताना घालायची दुर्बीण लागते. यातलं काही असेल तर डोळे झाकून काय होणार?

आणि कधीकधी "घरी सगळं करतो" हेच खरं नसतं. सकाळी सोबतीला कोणता घोडा होता आणि पाठीवर किती वजन होतं? वर्क रायडर ६५ किलोचा आणि सोबतच्या घोड्यावर ५५ चा जॉकी असेल तर बरोबरीत आलेला घोडा भारी. उलट असेल तर ते काम बघून हुरळून जाण्यात अर्थ नाही.

नालबंद

चंदी, +१. ट्रेनरलाही सगळं कळत नाही हे विसरू नये. अमेरिकेतला गाजलेला घोडा सेक्रेटॅरियट १९७३ च्या वुड मेमोरियल शर्यतीत तिसरा आला तेव्हा त्याच्या तोंडात गळू होतं. लगाम ओढला की दुखायचं. पुढे त्याच वर्षी बेलमाँटची शर्यत ३१ लेंथने जिंकला.

सुरवंट

नवीन सभासद. एकाच ट्रेनरचे दोन घोडे एकाच शर्यतीत असतील आणि दोघांबद्दल चांगलं बोलला तर?

फर्लांग

तबेल्याचा पहिला जॉकी कशावर आहे ते बघा. पण मालक वेगळे असतील आणि एका मालकाचा जॉकी ठरलेला असेल तर हा नियम कोलमडतो. १९८३ च्या चेल्टनम गोल्ड कपमध्ये वर आलेल्याच डिकिन्सनचे पाच घोडे होते. ते पहिले पाच आले! तेव्हा दोघांबद्दलही चांगलं बोलणारा खरंही बोलत असू शकतो.

अबलख

(अ) राहिली. रिकीब, "शिकतेय" म्हणजे हात झटकणं नव्हे. उत्तर गोलार्धात सगळे थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचे घोडे) १ जानेवारीला एक वर्षाने मोठे होतात. जानेवारीत जन्मलेली आणि मेमध्ये जन्मलेली, दोघी कागदावर दोन वर्षांच्या. या वयात चार महिने म्हणजे हाडात, स्नायूत, डोक्यात मोठा फरक. जन्मतारीख बघा, कार्डाच्या वंशावळीत सापडते.

दुसरं, गेट. दोन वर्षांच्या घोडीला आधी उघड्या गेटमधून नुसतं चालवतात, मग मागचं दार बंद करून उभी करतात, मग दोन्ही दारं बंद, शेवटी घंटेसह उडी, तीही दोन-तीन घोड्यांसोबत. शेवटची पायरी कमी झाली असेल तर घोडी बाकीच्यांच्या हालचालीने दचकून अर्धा सेकंद उशिरा निघते. १००० मीटरला ते भरून काढायला जागाच नसते. "गेटमधून झटपट निघते" असं ट्रेनर म्हणाला असता तर मी "शिकतेय" कडे दुर्लक्ष केलं असतं. तो गेटबद्दल बोललाच नाही.

रिकीब

म्हणजे माझी खोडाखोड उलटी झाली. (अ) आणि (आ) मध्ये ऐवज निघाला आणि (उ) मध्ये उपाय सांगून रोग झाकलाय. (ई) वर मात्र अजून ठाम आहे, ती सरळ ओळ आहे.

सुरवंट

सकाळी जोराची सर आली असं समजू. मग (ई) ला धरायचं का?

पेनेट्रोमीटर

किती मिलिमीटर आणि कशावर, ते आधी. तडकलेल्या कोरड्या मैदानावर पाच मिलिमीटर म्हणजे वरचं गवत निसरडं, खाली दगड. ते तिच्या कामाचं नाही, उलट धोक्याचं. आधीच ओल धरून असलेल्या मैदानावर तेवढाच पाऊस पडला तर फरक पडेल. दुपारचं सुधारित वाचन येईपर्यंत थांबा. तिच्या शर्यतीतून किती घोडे काढून घेतले तेही बघा, कारण कोरडं हवं असलेले दोन बाहेर पडले तर शर्यतीचा वेगच बदलतो.

लेंथभर

आणि रेल कुठे आहे ते. तुडवलेली पट्टी वाचवायला आतली रेल सहा मीटर बाहेर सरकवली असेल तर अर्ध्या वर्तुळाच्या वळणावर जवळजवळ १९ मीटर वाढतात. कार्डावर २०००, प्रत्यक्षात २०१९. तिचं अंतर आजच वाढवलंय, तेही जड मैदानात. जॉकीने पहिल्या हजारात तिला ओढून धरलं नाही तर ट्रेनरला हवं तसं मैदान मिळूनही ती शेवटच्या २०० मध्ये थांबेल.